लघवीचे दोन रिपोर्ट, दोन आकडे : नमुना कुठे बिघडतो आणि तपासणी कशी होते

प्रश्न थोडक्यात असा : आई ६२ वर्षांच्या, मधुमेह आहे. सकाळी सहाला घरीच, धुतलेल्या औषधाच्या बाटलीत लघवी घेतली आणि साडेदहाला लॅबमध्ये पोचवली. रिपोर्ट आला : पस सेल्स (पांढऱ्या पेशी) २०-२५, एपिथेलियल सेल्स (अस्तराच्या पेशी) १५-२०, बॅक्टेरिया +++, पीएच ८, प्रोटीन ट्रेस (अगदी पुसट), साखर +++. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये, तिथल्याच डबीत नमुना दिला : पस सेल्स २-३, एपिथेलियल १-२, बॅक्टेरिया नाहीत, पीएच ६, प्रोटीन नाही, साखर पुन्हा +++. रक्तातली साखर मात्र १३०. जळजळ नाही, ताप नाही. कुठली लॅब चुकली, आणि अँटिबायोटिक सुरू करायचं का?

लॅब कुठलीच चुकलेली दिसत नाही. दोघांनीही समोर जे होतं तेच लिहिलंय. पहिल्या बाटलीत लघवीखेरीज बरंच काही होतं, एवढंच.

पस सेल्सचा आकडा आधी डोळ्यांत भरतो, पण आधी वाचायची ओळ एपिथेलियल सेल्सची. इतक्या संख्येने दिसतात त्या बहुतेक वेळा चपट्या, स्क्वेमस पेशी असतात. त्या योनीच्या आणि मूत्रमार्गाच्या अगदी टोकाच्या अस्तरातून येतात, मूत्रपिंडातून नाही. त्या १५-२० दिसल्या याचा अर्थ लघवी बाहेर पडताना योनीतला स्राव धुऊन घेऊन आली. त्या स्रावात पांढऱ्या पेशी असतात, जंतूही असतात. मग २०-२५ पस सेल्सपैकी मूत्राशयातल्या किती आणि बाहेरच्या किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुणालाच सांगता येत नाही. दोघींचं रूप एकच.

दुसरी भानगड साडेचार तासांची. बाटलीत जंतू वाढतात, पेशी वाढत नाहीत. उलट उभ्या राहिलेल्या लघवीत पेशी फुटून कमी होतात. त्यामुळे पस सेल्स जास्त येण्याचा दोष नमुना घेण्याच्या पद्धतीकडे जातो, आणि बॅक्टेरिया +++ व पीएच ८ यांचा मोठा वाटा वेळेकडे. अनुकूल तापमानात आतड्यातले नेहमीचे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. काही जंतू युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतात, लघवी अल्कधर्मी होते आणि तिला तो ओळखीचा उग्र वास येतो. ताज्या लघवीचा पीएच ८ असणं अशक्य नाही, पण शिळ्या नमुन्यात तो दिसला तर त्यावरून रुग्णाबद्दल काहीही ठरवू नये. प्रोटीन ट्रेसलाही याच दोन कारणांचा वास येतो : स्रावात प्रोटीन असतंच, आणि फार अल्कधर्मी लघवीत तपासणीच्या पट्टीवरचा (लघवीत बुडवली की रंग बदलणाऱ्या कप्प्यांची पट्टी) प्रोटीनचा कप्पा खोटा हिरवा होतो.

आता नमुना नीट कसा द्यायचा ते.

डबी लॅबकडूनच घ्या. रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची, साधारण ३० ते ५० मिलीची. कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करायचं असेल तर निर्जंतुक, सीलबंद. औषधाची बाटली, मुरांब्याची बरणी वगैरे कितीही घासली तरी तळाशी साबण, सिरपची साखर किंवा ब्लीचिंगचा अंश राहतो. ब्लीचने पट्टीवरचा रक्ताचा कप्पा खोटा पॉझिटिव्ह येतो, सिरपने साखर. शिवाय अरुंद तोंडाच्या बाटलीत बाईमाणसाने मधली धार धरायची कशी, याचा विचार बाटली देणारे करत नाहीत.

वेळ सकाळची पहिली लघवी. रात्रभर मूत्राशयात साठल्याने ती घट्ट आणि सहसा आम्लधर्मी असते, प्रोटीन आणि पेशी टिकून राहतात, आणि जंतूंना नायट्राइट बनवायला (पट्टी तेच शोधते) लागणारे किमान चार तास मिळालेले असतात. पण पहिली लघवी घरी घेऊन चार तासांनी पोचवण्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन ताजी दिलेली दुसरी लघवी केव्हाही चांगली. नमुना ताजा असण्याला मी सकाळच्या आग्रहापेक्षा जास्त मार्क देतो.

स्त्रियांनी आधी साबणाने हात धुवावेत, मग जागा साध्या पाण्याने धुवावी. डेटॉलसारखं जंतुनाशक वापरू नये. त्याचा अंश डबीत गेला की कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि खरा संसर्ग लपतो. पुसताना पुढून मागे. एका हाताने दोन्ही बाजूंच्या पाकळ्या वेगळ्या धराव्यात आणि लघवी संपेपर्यंत सोडू नयेत. सगळी चूक इथेच होते : धुतात नीट, पण ऐन वेळी हात सोडतात. पहिली धार भांड्यात सोडायची, धार न थांबवता मधली डबीत २० ते ३० मिली घ्यायची, शेवटची पुन्हा भांड्यात. डबीचा काठ अंगाला लागू द्यायचा नाही, झाकण उलटं टेबलावर ठेवायचं नाही, आत बोट घालायचं नाही. अंगावर जात असेल तर कापसाचा बोळा लावून नमुना द्यावा, आणि पाळी चालू असेल तर शक्यतो पुढे ढकलावा; घाई असेल तर तसं चिठ्ठीवर लिहायला सांगावं, म्हणजे आरबीसी (लाल रक्तपेशी) बघून कुणी घाबरत नाही. पुरुषांना सोपं आहे : कातडी मागे सारून धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली घ्यायची.

गुडघ्याच्या त्रासामुळे भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं ज्यांना जमत नाही, त्यांना कमोड असलेली लॅब शोधून द्यावी. क्षुल्लक वाटतं, पण ज्या बाईला तोल सांभाळायचाय तिला दोन्ही हात मोकळे कुठून मिळणार?

नाव डबीवर लिहायचं, झाकणावर नाही. तपासताना दहा झाकणं एकत्र पडलेली असतात. नावाबरोबर वय किंवा नोंदणी क्रमांक आणि नमुना घेतल्याची वेळ. वेळ जवळपास कुणीच लिहीत नाही, आणि रिपोर्टचा अर्थ लावताना नेमकी तीच लागते.

दोन तासांच्या आत तपासणी होत नसेल तर डबी फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सियसला. फ्रीझरमध्ये नाही. थंडीत जंतूंची वाढ थांबते आणि कल्चरचा नमुना २४ तासांपर्यंत चालतो. मे महिन्यात गावातून तालुक्याला मोटरसायकलच्या डिकीत आलेला नमुना मात्र आतापर्यंत उबवणी यंत्रात होता असंच समजावं. तो परत मागवणं हाच उपाय. बर्फाच्या पिशवीसोबत आणला तर ठीक. फ्रीजचाही एक तोटा आहे : थंडीत युरेट किंवा फॉस्फेटचे कण बाहेर पडतात, लघवी गढूळ होते, आणि ते कण पेशींना झाकून टाकतात. शिवाय साखरेचा कप्पा एन्झाइमवर चालतो, थंड लघवीत तो मंद पडतो. म्हणून फ्रीजमधला नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि मगच पट्टी बुडवायची.

लॅबमध्ये पुढे तीन टप्पे : डोळ्यांनी, पट्टीने, सूक्ष्मदर्शकाने.

डोळ्यांनी बघणं उरकून टाकण्याकडे कल असतो, पण रंग पुष्कळ सांगतो. क्षयासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्याची लघवी केशरी, काविळीत पिवळ्या फेसाची, बीट खाल्ल्यावर काहींची गुलाबी. जळजळीसाठी दिलेल्या फेनाझोपायरिडिनने ती इतकी केशरी होते की पट्टीचे रंग वाचताच येत नाहीत. पूर्व विदर्भात, जिथे हत्तीरोग अजून आहे, दुधासारखी पांढरी लघवी आली तर ती पू समजून सोडू नये. थोडं ईथर घालून हलवलं आणि पांढरेपणा निवळला तर त्यात चरबी आहे, म्हणजे लसिकावाहिनीतला काइल हा चरबीयुक्त द्रव लघवीत येतोय.

पट्टी. डबी हलवून लघवी एकजीव करायची. तळाशी बसलेला गाळ तळाशीच राहिला तर रक्ताचा कप्पा निगेटिव्ह येऊ शकतो. पट्टी पूर्ण बुडवून एका सेकंदात बाहेर, कड डबीच्या काठाला घासत. कडा टिपकागदाला टेकवायची आणि पट्टी आडवी धरायची. उभी धरली तर एका कप्प्याचं रसायन ओघळून शेजारच्यात जातं; प्रोटीनच्या कप्प्यातलं आम्ल पीएचच्या कप्प्यात उतरलं की लघवी उगाच आम्लधर्मी दिसते. प्रत्येक कप्प्याची वेळ वेगळी : नेहमीच्या दहा कप्प्यांच्या पट्टीवर साखर ३० सेकंद, कीटोन ४०, विशिष्ट गुरुत्व (लघवीचा घट्टपणा) ४५, रक्त, प्रोटीन, नायट्राइट ६०, ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) १२०. दोन मिनिटांनंतर बदललेला रंग मोजायचा नाही. गर्दीच्या वेळी आठ पट्ट्या एकदम बुडवून ओळीने ठेवल्या की शेवटच्या तीन-चार उशिरा वाचल्या जातात, आणि ट्रेसचा एक प्लस होतो.

पट्टीची डबी घट्ट बंद हवी, आतली ओल शोषणारी पुडी काढून टाकायची नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डबी दिवसभर उघडी राहिली की पट्ट्या ओल धरतात, आणि नायट्राइटचा कप्पा वापरण्याआधीच गुलाबीसर झालेला दिसतो. डबी उघडल्याची तारीख वर लिहावी आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीनंतर टाकून द्यावी.

पट्टीला फसवणाऱ्या गोष्टींत व्हिटॅमिन सी पहिलं. रोज ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी खाणाऱ्यांत रक्त आणि साखर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग पट्टीवर रक्त नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली आरबीसी, असा प्रकार दिसतो. उलटा प्रकारही असतो : पट्टीवर रक्त +++ आणि एकही आरबीसी नाही. तेव्हा पेशी फुटल्या असतील, हिमोग्लोबिन सुटं आलं असेल, किंवा स्नायूंतलं मायोग्लोबिन असेल. पट्टीला यांतला फरक कळत नाही. प्रोटीनचा कप्पा मुख्यतः अल्ब्युमिन ओळखतो. मल्टिपल मायलोमातलं (अस्थिमज्जेच्या एका कर्करोगातलं) बेन्स जोन्स प्रोटीन त्यातून निसटतं, म्हणून शंका असेल तिथे ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्ल. पारदर्शक लघवीत तेवढंच आम्ल घालून गढूळपणा बघायचा. जुनी उष्णता आणि ॲसेटिक आम्लाची पद्धतही अजून कामाची आहे : परीक्षानळी पाऊण भरून वरचा भाग तापवायचा, ढगाळ झाला तर ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब, ढग विरघळला तर फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन. नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही असं समजू नये. एन्टेरोकॉकस हा जंतू नायट्राइट बनवतच नाही, आणि तासातासाला लघवीला जाणाऱ्याच्या मूत्राशयात जंतूंना पुरेसा वेळ मिळत नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या कामात दोन लॅबमधला फरक सगळ्यात जास्त पडतो, आणि तो रिपोर्टवर दिसत नाही. ठरलेली पद्धत अशी : १० मिली लघवी शंकूच्या तळाच्या नळीत, सेंट्रिफ्यूजवर (गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र) ४०० जी, म्हणजे गुरुत्वाच्या ४०० पट बलाने ५ मिनिटं, वरचं पाणी एका झटक्यात ओतून तळाशी अर्धा मिली ठेवायचं, गाळ हलक्या टिचकीने मिसळायचा, एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप. यात गाळ वीसपट दाट होतो. आता एखाद्याने ५ मिलीच घेतली आणि तळाशी १ मिली ठेवली, तर दाटपणा पाचपट. त्याच लघवीत एकाला ८-१० पस सेल्स दिसतील, दुसऱ्याला २-३. दोघेही प्रामाणिक.

‘१५०० आरपीएम’ (मिनिटाला १५०० फेऱ्या) हा आकडाही अपुरा आहे. बल फेऱ्यांवर तसंच नळीच्या टोकाच्या अंतरावर ठरतं. मध्यापासून टोक १५ सेंटिमीटरवर असेल तर ४०० जीला सुमारे १५५० फेऱ्या लागतात, १० सेंटिमीटरवर असेल तर सुमारे १९००. फार जोरात फिरवलं तर कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले नळकांड्यासारखे साचे) मोडतात. ब्रेक लावून यंत्र थांबवलं की बसलेला गाळ पुन्हा उठतो. आपोआप थांबू द्यावं.

बघताना कंडेन्सर खाली आणि उजेड कमी. भगभगीत उजेडात हायलाइन (पारदर्शक) कास्ट काचेत काच विरघळावी तसे नाहीसे होतात. आधी १०च्या भिंगाखाली, कव्हरस्लिपच्या कडांनी फिरून कास्ट शोधायचे, कारण ते कडेकडे सरकतात. मग ४०च्या भिंगाखाली किमान दहा क्षेत्रं बघून पेशींची सरासरी काढायची. एका क्षेत्रात पुंजका दिसला म्हणून तोच आकडा लिहायचा नाही. पुंजके आहेत असं वेगळं नोंदवायचं. बहुतेक लॅब पस सेल्स ५ पर्यंत आणि आरबीसी २ पर्यंत सामान्य धरतात. एखादा हायलाइन कास्ट उन्हातून चालत आलेल्या धडधाकट माणसातही दिसतो. आरबीसी कास्ट मात्र दिसला की डॉक्टरांना फोन करावा, कारण तो मूत्रपिंडाच्या गाळणीतूनच रक्त येत असल्याची खूण आहे.

आरबीसीशी गल्लत होणाऱ्या गोष्टी : यीस्ट, तेलाचे थेंब, हवेचे बुडबुडे. यीस्ट अंडाकृती असतं आणि त्याला कळी फुटलेली दिसते. खात्री नसेल तर कव्हरस्लिपच्या कडेला २ टक्के ॲसेटिक आम्लाचा थेंब सोडायचा. आरबीसी फुटतात, यीस्ट तसंच राहतं. विशिष्ट गुरुत्व १.०१०च्या खाली असेल तर आरबीसी फुगून फुटतात आणि नुसत्या पुसट कड्या उरतात. फार घट्ट लघवीत त्या आक्रसून काटेरी दिसतात, आणि नवशिक्याला त्या पस सेल्स वाटतात. ट्रायकोमोनास (योनीत संसर्ग करणारा सूक्ष्म परजीवी) हलताना दिसला तरच लिहावा. नमुना शिळा झाला की तो हलायचा थांबतो आणि पांढऱ्या पेशीसारखा दिसतो.

कल्चरबद्दल मोजकं. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यायचा. लॅब नेमकी ०.००१ मिली लघवी उचलणाऱ्या तारेच्या लूपने लघवी माध्यमावर ओढते, ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवते आणि वसाहती मोजून १००० ने गुणते. शंभर वसाहती म्हणजे मिलीमागे १ लाख, हा मधल्या धारेच्या नमुन्याचा रूढ उंबरठा. लक्षणं ठळक असतील तर कमी आकड्यालाही अर्थ असतो. तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू एकत्र वाढले तर तो नमुना दूषित समजून पुन्हा मागवतात. त्या सगळ्यांची औषध-संवेदनशीलता काढून पान भरण्यात काही हशील नाही.

घरात इतरांचे नमुनेही द्यावे लागतात म्हणून तीन गोष्टी घाईने सांगतो. तान्ह्या बाळाला चिकटवायची पिशवी साध्या तपासणीला चालते. कल्चरला तिचा निगेटिव्ह निकालच विश्वासाचा, पॉझिटिव्ह आला तर नळीने घेतलेला नमुना लागतो. डायपर पिळून कधीच नाही. कॅथेटर लावलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून घ्यायचा नाही, तिथली लघवी तासन् तास पडून असते. पोर्टच्या (नळीवरचं नमुना घेण्याचं तोंड) खाली नळी १५-२० मिनिटं चिमटून, पोर्ट स्पिरिटने पुसून, सिरिंजने ओढायचा. आणि २४ तासांच्या लघवीत सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या सातच्या लघवीसकट. पहिलीही धरली तर आकडा फुगतो, मधली एखादी संडासात गेली तर घटतो. १८०० मिली लघवीत प्रोटीन डेसिलिटरला ४० मिलिग्रॅम निघालं तर दिवसाचं ७२० मिलिग्रॅम. यात आकारमान चुकलं की सगळंच चुकलं. काही चाचण्यांच्या कॅनमध्ये लॅबने आम्ल घातलेलं असतं, ते ओतून टाकायचं नाही आणि थेट कॅनमध्ये लघवीही करायची नाही.

आता आईंच्या साखरेचं. रक्तात १३० असताना लघवीत +++ यावी असं सहसा होत नाही. रक्तातली साखर साधारण १८० पार गेली की मूत्रपिंड ती सोडू लागतं. त्यांच्या गोळ्यांची पाकिटं तपासा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उत्तर तिथेच आहे : ही औषधं साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात. औषध चालू असेपर्यंत लघवीतली साखर पॉझिटिव्हच राहणार आणि तिच्यावरून मधुमेहाचा ताबा जोखता येणार नाही. ते नसेल तर दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

अँटिबायोटिकचं म्हणाल, तर लक्षणं नाहीत आणि नीट घेतलेला दुसरा नमुना स्वच्छ आहे, तेव्हा पहिल्या रिपोर्टवर ते सुरू करायला आधार नाही. लक्षणांशिवाय नुसते जंतू सापडले तरी गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया होणारे रुग्ण सोडले तर सहसा उपचार करत नाहीत, मधुमेह असला तरी. पुढे जळजळ, वारंवार लघवी, थंडी वाजून ताप यांपैकी काही झालं तर लॅबमध्येच ताजी मधली धार द्या आणि त्याच डबीतून कल्चरही लावायला सांगा. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू असेल तर एक गोष्ट आईंना विचाराच, त्या आपणहून सांगणार नाहीत : जागेला खाज सुटते का, पांढरं जातं का. या औषधांवर यीस्टचा संसर्ग बऱ्याच जणींना होतो, आणि पहिल्या बाटलीत इतका स्राव का आला याचं कारणही तेच असू शकतं.